पंधरावा माड

१

गावात माझ्या पाठीमागे मला ‘कान’ म्हणतात. ‘कान निघाली बघ’, ‘कान आपल्या वाडीत शिरली रे’, असं. म्हणोत बापडे. माझं नाव दाएंग सुंगू; ‘दाएंग’ हे आमच्याकडे मोठ्या माणसांना मानानं लावतात. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, एकुलता एक मुलगा समुद्रापलीकडे कामाला, आणि सेलायार बेटावरच्या या आमच्या गावात गेली बावीस वर्षं मी सकाळची कॉफी झाली की लोकांच्या माडांना कान लावत फिरते. या कामाचं कुणी काही देत नाही. शिव्या मात्र भरपूर देतात.

भुंगे दोन जातींचे. गेंड्या वरून खातो. नाकावर शिंग आणि अक्कल शून्य. शेंड्यात भोक पाडून बसतो, मग नवी झावळी उलगडते ती कातरलेलीच. पण तो दिसतो, म्हणून तारेच्या आकड्यानं त्याला ओढून काढता येतं. सोंड्या तसा नाही. त्याची मादी खोडावरच्या जखमेत अंडी घालते आणि अळ्या आतल्या आत पोखरत राहतात. बाहेरून माड हिरवागार, नारळही धरतो. आणि एके दिवशी वाऱ्याची झुळूकही नसताना शेंडा वाकडा होतो आणि खाली येतो. तेव्हा आत बघावं तर नुसता लगदा.

म्हणून कान. डोक्यावरची ओढणी मागे सारायची, खोडाला कान टेकवायचा, दुसऱ्या कानात बोट घालायचं आणि साठ आकडे मोजायचे. अळ्या असल्या तर शेजारच्या घरात कुणी ऊस चावत बसलंय असा आवाज येतो. नसल्या तर मी म्हणते, ‘स्वच्छ.’ असल्या तर म्हणते, ‘तोडा.’ मग पंधरा दिवसांच्या आत माड आडवा करायचा, उभा चिरायचा, जाळायचा आणि बुडखा खणून काढायचा. एक ठेवला तर चाळीस जातात.

आणि लोक? वादळात पडलेली खोडं वर्षानुवर्षं कुजत पडू देतील, त्यात गेंड्याची पिल्लावळ पोसतील. शेणखताचा खड्डा उघडा टाकतील. चढायला सोपं जातं म्हणून जिवंत खोडावर कोयत्यानं खाचा पाडतील. आणि मग माझ्याच तोंडाकडे बघून विचारतील, हे आलं कुठून? तुमच्या आळसातून आलं, दुसरं कुठून!

२

माझं आणि गावाचं बिनसलं ते वेगळ्याच कारणानं.

आमच्याकडे मूल जन्मलं की त्याची वार मडक्यात घालून परसात पुरतात आणि वर कोंब आलेला नारळ लावतात. तो त्या मुलाचा माड. मूल वाढतं, माड वाढतो. त्याचे नारळ कुणी विकत नाही आणि त्याला कुऱ्हाड लावायची गोष्ट तर घरात कुणी काढतही नाही. पण हे सोंड्याला कोण सांगणार? त्याला जखम दिसली की झालं.

असे चौदा माड मी तोडायला लावले. चौदा वेळा बायका रडल्या, चौदा वेळा मी दगडासारखी उभी राहिले. चौदावा होता दाएंग तेनेच्या मुलीचा, मिरनाचा. तेने माझी शेजारीण. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलेल्या.

"सुंगू, हा माझ्या मिरनाचा माड आहे," ती म्हणाली. "दुसरे दहा तोड, मी तोंड उघडणार नाही."

"दुसऱ्या दहांत काही नाहीये. यात आहे."

"तुला ऐकू आलं म्हणून? आम्हाला तर काही ऐकू येत नाही!"

"तुला तुझ्या नवऱ्याचं घोरणं ऐकू येत नाही तेने, हे काय येणार!"

लोक हसले. ती हसली नाही. "उद्या पोरीला काही झालं तर?"

"काही होत नाही. पोर ती पोर, झाड ते झाड."

त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. मी विहिरीवर आले की ही अर्धी घागर उचलून चालती व्हायची. आणि मिरनाला काय झालं? काही नाही! बालवाडीत शिकवते, चांगली भरली आहे, तोंडावर तुकतुकी आली आहे. चौदांपैकी एकालाही साधा ताप आला नाही. हा पुरावा मी जो भेटेल त्याच्या तोंडावर मारत असे.

३

हसरुलचा माड स्वयंपाकघराच्या मागे होता. हसरुल माझा मुलगा. दोघंही सव्वीस वर्षांचे. बारा वर्षांचा असताना त्यानं त्या खोडावर कोयत्यानं पाच खाचा पाडल्या होत्या, आणि मी त्याला भाताच्या पळीनं बडवला होता. मग स्वतः डांबर आणून त्या बुजवल्या.

त्या शुक्रवारी चुलीवर भात होता. पाणी फेकायला मागे गेले आणि सवयीनं कान लावला.

करर्, करर्, करर्. मग गप्प.

आधी मी वैतागलेच. इतकी वर्षं गावभर फिरतेय आणि हे माझ्या चुलीमागे! मग लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. अळ्या कधी गप्प बसत नाहीत. एका माडात त्या पन्नास-साठ असतात, एक थांबली तरी दुसरी खात असते. इथं आवाज एकच होता. तीनदा चावणं, मग घास गिळायला लागतो तेवढा वेळ, मग पुन्हा तीनदा.

"आता हे काय नवीन!" मी म्हणाले.

आवाज थांबला.

मी साठ मोजले. काही नाही. मी श्वास धरला. तेव्हा सुरू झाला. बोलले की थांबायचा, गप्प बसले की चालू व्हायचा. मी स्वतःला समजावलं, जबडा हलला की खोड थरथरतं, अळीला ते कळत असेल. पटण्यासारखं आहे. पण बावीस वर्षं मी खोडाला कान लावून लोकांना फैलावर घेत आलेय. माझ्या तोंडाला घाबरून एकही अळी आजवर थांबलेली नाही.

मी लिवांगला हाक मारली. दाएंग लिवांग माझा दीर, यंत्रकरवत त्याच्याकडे. मी सांगायचं आणि त्यानं तोडायचं, असं आमचं इतकी वर्षं चालत आलंय. त्यानं कान लावला आणि लागतो त्यापेक्षा जास्त वेळ ठेवला.

"आहे," तो म्हणाला. "एकच आहे वाटतं."

"मग तोंड का असं केलंस?"

"काही नाही, दाएंग. ते... चावून झाल्यावर गिळतं."

"अळी गिळणार नाही तर काय थुंकणार? शहाणाच आहेस!"

तो हसला नाही. हात पुसत म्हणाला, "मग? तोडायचा ना?"

चौदा वेळा हा प्रश्न त्यानं विचारला होता आणि चौदा वेळा मी श्वास घ्यायच्या आत उत्तर दिलं होतं. या वेळी मी म्हणाले, "औषध घालून बघू."

४

मी काय काय केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते.

खोडाला गिरमिटानं तिरकं भोक पाडलं, नरसाळ्यानं औषध ओतलं, ओल्या मातीनं तोंड लिंपलं. शेंड्यात, झावळ्यांच्या बेचक्यांत, लिवांगकडून वाळू आणि मीठ भरून घेतलं. शेती कचेरीतून ती हिरवी बुरशी आणली, जी अंगावर पडली की भुंगा आठवड्यात मरतो. शेजारी गंधाची बादली टांगली, म्हणजे नवे भुंगे तिकडे ओढले जातील. हे सगळं माझ्या घरी होतं, नेहमीच असायचं. चौदांपैकी एकाही माडावर मी त्यातला थेंब घातला नव्हता. म्हणायचे, वेळ दवडायचा नाही.

कुंपणापलीकडून तेनेनं बघितलं. वर्षभरानं तिचं तोंड उघडलं ते असं:

"आमच्या मिरनाच्या माडाला नाही गं मिळालं औषध?"

"तेव्हा आलेलं नव्हतं."

"अस्सं? तेव्हा तुझ्या ओसरीवर डबे होते ते कसले मग? लोणच्याचे?"

मला तिचा असा राग आला! ती खरं बोलत होती म्हणून जास्तच आला. हातातला डबा मी दाणकन आपटला आणि घरात जाऊन उगीचच भांडी घासत बसले.

दहा दिवस झाले, वीस झाले. गावात इतर बादल्यांत रोज आठ-दहा भुंगे सापडत होते. माझ्या बादलीत एक नाही. मुंग्या त्या खोडावर चढेनाशा झाल्या, बुंध्यापर्यंत येऊन वळून जायच्या. आवाज कमी झाला नाही. उलट निवांत झाला. पोट भरत आलेल्या माणसाचा असतो तसा.

मी दिवसातून चारदा कान लावायचे, आणि लावला की तो थोडा थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. कोण कुणाचं ऐकतंय तेच मला कळेनासं झालं. आणि मी संतापायचे. माझ्या परसात, माझ्या मुलाच्या झाडात बसून हे माझाच अंदाज घेतंय म्हणजे काय!

५

ईदेला दहा दिवस असताना दुपारी हसरुलचा फोन आला. तो तिकडे तावावच्या पलीकडे तेलमाडांच्या मळ्यात आहे. तीन वर्षांनी घरी येणार होता.

"अम्मा, तिकीट झालं. बोटीनं मकासर, मग बिराहून फेरीबोट. बुरासा करून ठेव, चांगला दोन पातेली."

"दोन पातेली भाताच्या पुड्या कुणाला? वरात आणतोयस की काय?"

"मलाच लागतो. हल्ली भूक फार लागते बघ. सगळे चेष्टा करतात. तब्येत एकदम मस्त झालीय, ओळखणार नाहीस मला."

"झोप लागते ना नीट?"

"लागते की." मग तो थांबला.

आणि त्या थांबण्यात मला ऐकू आलं. तीनदा. मग थोडी जागा. मग तीनदा.

"काय खातोयस रे?" मी विचारलं.

आवाज थांबला.

"काही नाही. तोंडात काय असणार, रोजे चालू आहेत ना! अम्मा? अम्मा, ऐकू येतंय ना?"

"येतंय," मी म्हणाले. "लाइन खराब आहे."

लाइन खराब असेलच. समुद्राखालून येते ती, खरखर व्हायचीच. मी फोन ठेवला, तडक मागे गेले आणि खोडाला कान लावला. पहिल्यांदाच तिथं काही नव्हतं. साठ मोजले, पुन्हा साठ मोजले. काही नाही. औषध लागू पडलं असणार, मी मोठ्यानं म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

संध्याकाळी रोजा सोडायच्या आधी लिवांगच्या घरी जाऊन सांगितलं, "आवाज बंद झालाय. तरी उद्या सकाळी तोड."

"आता आवाज नाही म्हणतेस, मग कशाला? कुणी विचारायला येतंय?"

"मी विचारतेय ना! चौदा घरांतून रडारड करून तोडले ते काय गंमत म्हणून? उद्या सकाळी. आणि तेनेला दिसेल असा तोड."

६

करवत लागली तेव्हा कुंपणाला वीस-पंचवीस माणसं होती. यायचीच! मी मुद्दामच पुढे उभी राहिले. रडणार नव्हते. माड अंगणाच्या बाजूला पडला, लिवांगनं त्याचे हातभर लांबीचे तुकडे केले आणि पाचरी ठोकून एकेक उभा चिरला.

सोंड्यानं खाल्लेला माड मी शंभर वेळा बघितलाय. आंबूस वास येतो, तांबडा चिकट रस गळतो, चघळलेला भुसा, काथ्याचे कोष, पांढऱ्या लठ्ठ अळ्या वळवळत बाहेर पडतात. कोंबड्या तुटून पडतात त्यांच्यावर.

कोंबड्या आल्या आणि उभ्याच राहिल्या. अळी नव्हती. कोष नव्हता. भुशाचा कण नव्हता. होती ती फक्त बिळं, बोटभर रुंद, आतून हात फिरवल्यासारखी गुळगुळीत. सगळी वर जात होती. शेवटी शेंड्याचा गाभा चिरला. तिथं लिवांगच्या दोन मुठी बसतील एवढी पोकळी होती. ओली नाही, कुजलेली नाही. चाटून पुसून ठेवलेल्या वाटीसारखी.

"काय सापडलं?" तेने विचारत होती.

"खाऊन गेलेत."

"कुठून गेले?"

मी आणि लिवांगनं सालीचा तुकडान् तुकडा उलटून बघितला. बाहेर पडायला भोक नव्हतं. हसरुलच्या त्या पाच खाचांवरचं डांबर जसंच्या तसं होतं, माझ्या बोटांचे ठसेसुद्धा होते त्यावर. गिरमिटाच्या भोकावर मी लिंपलेली माती वाळून घट्ट बसलेली.

"दाएंग, बाहेर आलंच नाही ते," लिवांग हळूच म्हणाला.

"मग आत दाखव मला! आत आहे का? नाही ना? मग तोंड बंद ठेव आणि रॉकेल आण."

जाळला. नियमाप्रमाणे, राख होईपर्यंत. बुडखाही खणून काढला. तेने तेवढा वेळ उभी होती. तिनं टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

पण मनातनं जाईना. मी लगेच तोडला असता तर? वीस दिवस औषधं घालून मीच त्याला हुसकावलं असेल का? हुसकावलं तर कुठं? मी शिकलेली बाई आहे, सरकारी शिबिरं केलीत. भुंग्याला पंख असतात, अळीला नसतात, आणि दोन्हींपैकी काहीही समुद्र ओलांडून फोनमध्ये जात नाही. हे मी रोज स्वतःला सांगायचे, रागावून सांगायचे.

७

हसरुल ईदेच्या दोन दिवस आधी आला. खरंच ओळखलं नसतं. गेला तेव्हा काडी होता. आता खांदे रुंद, गाल वर आलेले, कातडी तुकतुकीत. अख्खी गल्ली म्हणाली, काय तब्येत केलीय पोरानं!

त्यानं येऊन माझा हात कपाळाला लावला आणि मिठी मारायला हात पसरले. मी म्हणाले, "बाजूला हो, हात तेलकट आहेत माझे." हात कोरडे होते.

"माझा माड कुठं गेला?" त्यानं विचारलं.

"तोडला. सोंड्या लागला होता."

"चल, एक कटकट गेली," तो हसला. "आता पळीनं मारायला कारण उरलं नाही तुला." आणि संध्याकाळी रोजा सोडून जेवायला बसला. मासे, भात, शेवग्याच्या पाल्याची भाजी. तीनदा वाढलं. मी समोर बसून बघत होते. पोटच्या पोराला जेवताना बघून आईला आनंद व्हावा ना? मी त्याचे घास मोजत होते. शरम वाटली मला. तीनदा चावायचा आणि गिळायचा. सगळेच तसं जेवतात. मीही तशीच जेवत असेन, कधी मोजलंय?

दुसऱ्या दिवशी तो नदीवर गेला तेव्हा मी त्याचं अंथरूण काढलं. आमच्या उशा सावरीच्या कापसाच्या, पांढऱ्याशुभ्र. उशीवर, कान येतो त्या जागी, चिमूटभर भुसा होता. तांबूस, ओलसर, चघळलेला. नाकाशी नेला तर आंबूस वास.

मी उशी उलटी केली. मग पुन्हा सुलटी केली. भुसा होताच.

छपरातून पडला असेल. वासे माडाचेच आहेत. पण वर बघितलं तर पत्रा होता आणि त्याखाली लाकडी फळ्या, कोरड्या. मी तो चिमूटभर भुसा उचलला आणि चुलीत टाकला. उशीचा अभ्रा धुतला. आणि धुता धुता मी मोठमोठ्यानं शिव्या घालत होते. कुणाला, ते मला सांगता येणार नाही.

८

ईदेच्या सकाळी नमाज झाली आणि लोक घरोघर निघाले. त्या दिवशी वर्षभराचं भांडण मिटवायचं असतं. माझं अंगण भरलं. नारळाच्या दुधात शिजवलेल्या बुरासाची पानं सोडली जात होती, कॉफी फिरत होती. आणि तेने आली. मिरनाला घेऊन, नवे कपडे घालून.

"सुंगू," तिनं माझे दोन्ही हात धरले. "मनात काही असेल तर सोडून दे. मीही सोडते."

"सोडलं," मी म्हणाले. "तुझं औषधाचं बोलणं खरं होतं, तेने. डबे होते घरात."

"माहीत आहे गं. लोणच्याचे नव्हते ते." आम्ही दोघी हसलो. वर्षभरात पहिल्यांदा.

ते हसणं बघून हसरुलला चेव आला असावा. तो अंगणाच्या मधे येऊन उभा राहिला, माझ्याकडे पाठ केली आणि सदरा वर ओढला.

"अम्मा, माझंही तपास! गावातलं एक खोड सोडलं नाहीस, मीच राहिलो. बघ, आत सोंड्या आहे का."

सगळे खदाखदा हसले. "लाव, कान लाव!" "ऐकू आलं तर लिवांगला करवत काढायला सांग!"

"मस्करी पुरे," मी म्हणाले. "खाली कर सदरा."

"घाबरली! कान घाबरली!"

मला राग आला. तोच तो माझा जुना राग, ज्याच्या जोरावर मी बावीस वर्षं फिरले. ओढणी मागे सारली, चार पावलं टाकली आणि पोराच्या पाठीला कान लावला. अंगण सवयीनं गप्प झालं. माझ्या मागे ते नेहमीच गप्प उभे राहायचे.

हृदयाचे ठोके आले. जोरकस, तरणे. मग त्यांच्या पलीकडे, खोल, निवांत. तीनदा. गिळायला लागतो तेवढा वेळ. पुन्हा तीनदा.

माझ्या तोंडून "या अल्ला" निघालं असावं, कारण तो आवाज थांबला.

"काय गं?" हसरुल मान वळवून हसत होता. "तोडायचा का?"

"स्वच्छ," मी म्हणाले.

बावीस वर्षांत तो शब्द मी कधी खोटा उच्चारला नव्हता.

टाळ्या पडल्या. लिवांगनं वाजवल्या नाहीत. कॉफीचा कप धरून तो माझ्याकडे बघत होता. आणि तरुण पोरांना तेवढंच निमित्त हवं होतं. ज्यांचे माड मी तोडले त्यांच्यातली आठ-नऊ जणं सणाला गावात होती. "आमचंही बघ की दाएंग! आमचे माड जाळलेस, आम्हाला विचारलंस कधी?" म्हणत ती रांगेत उभी राहिली, पाठी माझ्याकडे करून. रुंद, भरलेल्या, तुकतुकीत पाठी. सगळ्यांची तब्येत किती चांगली होती! चौदा माड मी कापले, जाळले, छाती पुढे काढून पुरावा सांगत फिरले, आणि त्यातल्या एकाच्याही पाठीला एकदाही कान लावला नव्हता.

पहिला पोरगा वाकून उभा राहिला. मी तोंड त्याच्या पाठीशी नेलं, पण कान टेकवला नाही. मधे बोटभर जागा ठेवली. "स्वच्छ." दुसरा. "स्वच्छ." तिसरी एक मुलगी होती, तिला गुदगुल्या झाल्याचं नाटक करायचं होतं, ती किंचाळली. सगळे हसले. "स्वच्छ."

मग मिरना. तिनं वेणी पुढे घेतली आणि लाजत पाठ केली. मी वाकले, बोटभर अलीकडे थांबले.

"टेकवला नाहीस," तेने म्हणाली.

"टेकवलाय."

"मी बघतेय, सुंगू. एकालाही टेकवला नाहीस. हसरुलला टेकवलास, त्यानंतर एकालाही नाही." तिचा आवाज चढला नव्हता, पण अंगण पुन्हा गप्प झालं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि जे बघायला नको होतं ते तिला माझ्या तोंडावर दिसत होतं. "आमचा माड तोडताना कसा घट्ट टेकवला होतास गं? आता टेकव."

"तेने, सणाचा दिवस आहे. उगाच..."

"टेकव!"

मी मागे सरले. तेनेनं माझ्या डोक्यामागे हात घातला, केस मुठीत धरले आणि माझा कान आपल्या पोरीच्या पाठीवर दाबून धरला.

"मोज," ती म्हणाली. "साठ."